वर्ण, कांती आणि जात

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळचा सियागंज हा किराण्याचा घाऊक बाजार माळव्यातील मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. हळद, जिरे, हिंग, चहा, साबुदाणा, सुका मेवा यांची पोती तेथे उतरतात आणि तेथून गावोगावच्या दुकानांत पोहोचतात. त्या बाजारात पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याची, पोते उचलणाऱ्या हमालाची किंवा यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची जात केवळ अंगकांतीवरून कोणास सांगता येईल काय? व्यवहारात मुरलेला कोणीही मनुष्य सांगेल की माल पाहून ओळखता येतो. माणसाचे मात्र नाव-गाव विचारावे लागते.

असे असूनही आपल्या समाजात एक समज खोल रुजलेला आहे. वरच्या जाती गोऱ्या, खालच्या जाती काळ्या, आणि हा भेद शास्त्रानेच सांगितला आहे, कारण ‘वर्ण’ या शब्दाचा अर्थच मुळी रंग, असा तो समज होय. काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र यांच्यापासून सावध राहावे असे बजावणारी म्हण आपल्याकडे आहे, तीही याच समजातून निघालेली आहे. हा समज कितपत खरा, त्याचा उगम कोठे, आणि त्याने आपल्या घरांत व देवळांत काय घडविले, याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवावा असा आमचा हेतू आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. सियागंजासारख्याच एखाद्या बाजाराचे चित्र पतंजलीच्या महाभाष्यात आढळते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाणिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिताना ‘अब्राह्मण’ या शब्दाची चर्चा चालली आहे. गौर कांतीचा, शुद्ध आचाराचा, पिंगट केसांचा मनुष्य दिसला की हा ब्राह्मण असावा असे लोकांस वाटते, आणि पुढे चौकशीअंती तो ब्राह्मण नसल्याचे कळते, असे पतंजली म्हणतो. उलट उडदाच्या राशीसारखा काळा मनुष्य बाजारात बसलेला पाहून तो ब्राह्मण असल्याचा निश्चय कोणी करीत नाही, असेही तो नोंदवितो. या उताऱ्यावरून दोन गोष्टी दिसतात. रंगावरून जात ओळखण्याची लोकांची खोड फार जुनी आहे. आणि ती ओळख चुकते, हेही तितक्याच जुन्या काळी ठाऊक होते. याच चर्चेत ब्राह्मणत्वाची कारणे कोणती ते सांगताना तप, विद्या आणि जन्म ही तीन सांगितली आहेत. त्यांत रंग नाही.

ऋग्वेदातही ‘वर्ण’ शब्द येतो. आर्य वर्ण आणि दास वर्ण असे दोनच भेद तेथे दिसतात; चार नव्हेत. इंद्राने काळी त्वचा दूर केली अशा अर्थाचे उल्लेखही आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु चौदाव्या शतकातील भाष्यकार सायणाचार्य अशा एका स्थळी कृष्ण नावाच्या असुराची कथा सांगतात, तर काही आधुनिक पंडित या काळेपणाचा अर्थ अंधार असा घेतात. ज्या सूक्तात ब्राह्मण, राजन्य, वैश्य आणि शूद्र हे चौघे प्रथम एकत्र येतात त्या पुरुषसूक्तात तर रंगाचा उल्लेखच नाही, आणि ‘वर्ण’ हा शब्दही नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील काही सूक्तांच्या द्रष्ट्याचे नावच कृष्ण आंगिरस आहे. काळेपणा हीनतेची खूण असती, तर हे नाव ऋषींच्या मालिकेत आले नसते.

बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरीस उत्तम संतती व्हावी म्हणून करावयाचा विधी सांगितला आहे. पुत्र गौर व्हावा आणि त्याने एक वेद शिकावा अशी इच्छा असेल तर दूधभात. कपिल-पिंगट पुत्र दोन वेद शिकणारा हवा असेल तर दहीभात. आणि श्याम वर्णाचा, लाल डोळ्यांचा, तीन वेद शिकणारा पुत्र हवा असेल तर पाण्यात शिजविलेला भात तूप घालून दांपत्याने खावा, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे सावळ्या पुत्राच्या वाट्याला गोऱ्याच्या तिप्पट विद्या आली! मनुस्मृतीत वधूची निवड सांगताना कपिल म्हणजे पिंगट कांतीची कन्या वर्ज्य मानली आहे. आजच्या जाहिरातींत जे मागितले जाते ते स्मृतिकारांस नेहमीच हवे होते असे नाही.

मग चार वर्णांना चार रंग जोडले गेले ते कोठे? त्याचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ महाभारताच्या शांतिपर्वात आहे. भृगु ऋषी भरद्वाजास सांगतात की ब्राह्मणांचा वर्ण शुभ्र, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. येथेच थांबून पुष्कळ लोक हे वचन प्रमाण म्हणून पुढे करतात. परंतु ग्रंथ येथे थांबत नाही. भरद्वाज लगेच हरकत घेतो. रंगावरून वर्ण ठरत असेल तर सर्वच वर्णांत रंगांची सरमिसळ झालेली दिसते, त्याचे काय? काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक आणि श्रम आपणा सर्वांनाच ग्रासतात. घाम, कफ, पित्त आणि रक्त सर्वांच्याच देहांतून वाहते. मग वर्णभेद कशावरून करावा? यावर भृगु रंगाचा आग्रह धरीत नाहीत. वर्णांत मूलतः भेद नाही, सर्व जग ब्रह्ममय होते, आणि कर्माने ते निरनिराळ्या वर्णांस गेले, असे उत्तर ते देतात. आमच्या मते या संवादाचा प्राण भृगूंच्या पहिल्या वाक्यात नसून भरद्वाजाच्या प्रश्नात आहे. ज्या ग्रंथाने तो प्रश्न गाळला नाही, त्याचे अर्धेच वचन उचलणे हा त्या ग्रंथाचाही अवमान होय.

हे चार रंग माणसाच्या त्वचेचे नव्हेत, हे दुसऱ्या एका मार्गानेही दाखविता येते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत घर बांधावयाच्या जमिनीचे असेच वर्ण सांगितले आहेत. पांढरी माती ब्राह्मणास, तांबडी क्षत्रियास, पिवळी वैश्यास आणि काळी शूद्रास, अशी ती योजना आहे. हिऱ्यांचीही त्याने रंगावरून चार वर्णांत वाटणी केली आहे. माती आणि हिरा यांना जात असल्याचे कोणी म्हणणार नाही. सत्त्व, रज आणि तम या गुणांनाही शुभ्र, तांबडा आणि काळा हेच रंग दिलेले आहेत. जगातील प्रत्येक वस्तू चौकटीत बसविण्याची ही जुनी वर्गीकरणाची रीत होती, आणि रंग हे त्या चौकटीवरचे चिन्ह होते.

नाट्यशास्त्रातील रंगभूषेचा भाग याला अपवाद वाटेल. नटांनी ब्राह्मण व क्षत्रियांची भूमिका गौर रंगाने आणि वैश्य व शूद्रांची श्याम रंगाने रंगवावी असे भरताने सांगितले आहे. पण त्याच प्रकरणात देशांवरूनही रंग सांगितले आहेत. काशी आणि कोसल येथील लोक काळसर, आणि शक, यवन, पह्लव हे गौर! ज्यांना धर्मशास्त्र म्लेच्छ म्हणते ते गोरे, आणि काशीसारख्या पुण्यक्षेत्राचे रहिवासी काळे, असा हा हिशेब आहे. रंगभूमीचा तो संकेत होता. त्यावरून कोणी पंक्तीची पाने मांडलेली नाहीत.

वज्रसूचिक उपनिषदाने तर हा प्रश्न सरळच विचारला आहे. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव की देह, जन्म की ज्ञान, कर्म की दानधर्म? देहाचा विचार करताना ते म्हणते की ब्राह्मण श्वेत, क्षत्रिय तांबडा, वैश्य पिवळा आणि शूद्र काळा असा नियम कोठेही दिसत नाही. या ग्रंथाचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांस गुरू करणाऱ्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात वज्रसूचीचा आशय मराठी अभंगांत आणला.

माळव्याशीही वज्रसूचीचा संबंध आहे. भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन हे इंग्रज राजप्रतिनिधी होते. त्यांनी १८३९ साली अश्वघोषाच्या नावावर असलेली दुसरी एक वज्रसूची प्रसिद्ध केली. तीत जन्मजात जातिश्रेष्ठत्वाचे खंडन आहे. त्याच पुस्तकात सिहोरचे विद्वान सुबाजी बापू यांनी जातिव्यवस्थेच्या बाजूने लिहिलेले उत्तरही छापले गेले. या सुबाजी बापूंनी सिद्धांतशिरोमणीच्या आधारे मराठीत ज्योतिषावर ग्रंथ लिहिला होता आणि नव्या खगोलविद्येचे स्वागत केले होते. पृथ्वी फिरते हे मान्य करणाऱ्या पंडितासही जात सोडणे अवघड गेले, ही गोष्ट चिंतनीय आहे. पुढे १८६१ साली तुकाराम तात्या पडवळ यांनी ‘जातिभेद विवेकसार’ लिहून हीच चर्चा मराठी वाचकांपर्यंत नेली.

येथवर शास्त्राचा विचार झाला. आज आपण ज्या स्वरूपात रंग आणि जात यांची गाठ बांधतो, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातील आहे. युरोपीय पंडितांनी संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते शोधून काढले आणि त्यावरून गोऱ्या आर्यांनी काळ्या अनार्यांस जिंकले असा इतिहास रचला. आपल्याकडच्या उच्चवर्णीयांस तो सुखावह वाटला, कारण राज्यकर्त्या इंग्रजांशी त्यामुळे दूरचे भाऊपण लागले. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त तोच इतिहास उलटा फिरविला आणि बाहेरून आलेल्यांनी इथल्या मूळ शेतकऱ्यांस गुलाम केले असे मांडले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता सिद्ध करण्याचा खटाटोप केला.

या सिद्धांताची सर्वांत कठोर परीक्षा डॉ. आंबेडकरांनी केली. ज्यांना अनार्य ठरवून सहानुभूती मिळविणे सोपे होते, त्यांच्याच नेत्याने १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात वेदांतील उतारे तपासून सांगितले की आर्य ही वंशवाचक संज्ञा नाही, आणि वर्ण म्हणजे त्वचेचा रंग असे वेदांवरून सिद्ध होत नाही. पुढे १९६८ साली इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींच्या शरीरमापांचा व रक्तगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समान दर्जाच्या म्हणून मानलेल्या या पोटजाती एकमेकींपासून बऱ्याच भिन्न निघाल्या. ‘ब्राह्मण वंश’ असा एकजिनसी गट त्यांतून दिसला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील जवळजवळ सर्व समाजांत मोठे मिश्रण झाले, आणि त्यानंतर आपापल्या गटातच विवाह करण्याची रीत दृढ झाली. भरद्वाजाने जी सरमिसळ डोळ्यांनी पाहिली तिलाच हे संशोधन दुजोरा देते. आधी मिसळण झाली, कुंपण मागून पडले.

मग जातीची भिंत रंगाची नसेल तर कशाची? याचे उत्तर देण्यास इंदूरचाच इतिहास पुरेसा आहे.

होळकर घराणे धनगर. मूळ पुरुष मल्हारराव यांचा जन्म १६९३ चा. नीरेकाठच्या होळ गावावरून त्यांचे आडनाव पडले. त्यांची सून अहिल्याबाई यांनी १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्य केले आणि काशी विश्वेश्वरासह देशभरच्या क्षेत्रांत मंदिरे, घाट व धर्मशाळा बांधल्या. चातुर्वर्ण्याच्या काटेकोर हिशेबात ज्या जातीला वरचे स्थान नव्हते, तिच्या कन्येने उभारलेल्या गाभाऱ्यांत सर्व वर्णांनी पूजा केली. तरीही मराठे आणि धनगर यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. तो सुरू व्हावा म्हणून कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी प्रयत्न केले. शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. १९२४ साली युवराज यशवंतराव यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील कन्येशी झाला. त्याच संयोगिताबाई. इंदुरातील संयोगितागंज हे नाव त्यांची आठवण देते. मराठा आणि धनगर यांच्या कांतीत काय अंतर होते? काहीच नाही. तरीही दोन राजांना आपली प्रतिष्ठा खर्च करावी लागली, यावरून भिंत कशाची होती ते कळते.

याहून बोलके उदाहरण पुढचे आहे. बावला खून प्रकरणानंतर तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यानंतर अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील नॅन्सी अ‍ॅन मिलर या तरुणीशी विवाह करण्याचे त्यांनी ठरविले. महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. सनातनी मंडळींचा विरोध होता आणि धनगर समाजातही अनेकांचा होता. मार्च १९२८ मध्ये नाशिक येथे करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या आश्रयाने तिचा शुद्धिसंस्कार झाला. तिला शर्मिष्ठा हे नाव मिळाले, धनगर कुटुंबाने तिला कन्या म्हणून स्वीकारले, आणि त्याच महिन्यात नर्मदेच्या परिसरातील बडवाह येथे विवाह पार पडला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. गौर कांती हीच जर उच्च वर्णाची खूण असती, तर या तरुणीहून अधिक पात्र कोण होते? परंतु तिच्या गोरेपणाची कवडीइतकी किंमत त्या वादात झाली नाही. शास्त्र्यांच्या दृष्टीने ती म्लेच्छ होती, आणि धनगरांच्या दृष्टीने परकी. तिला तीन गोष्टी मिळाव्या लागल्या: संस्कार, नाव आणि आईबाप. त्या मिळाल्यावर तिच्या त्वचेचा रंग तोच राहिला, जात मात्र बदलली. जात ही कातडीत नसून स्वीकारात असते, घराने आणि पंक्तीने आपले म्हणण्यात असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

त्याच काळात ती ज्या देशातून आली तेथे नेमके उलट चालले होते. भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाने आपण उच्चजातीय आर्य आहोत, म्हणून ‘गोऱ्या’ लोकांत आपली गणना करून नागरिकत्व द्यावे, असा दावा केला. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. शास्त्रीय पोथ्या काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा त्या निकालाचा आशय होता. १९२२ च्या तेथील कायद्याने तर नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. तेथे रंगाची भिंत, येथे जन्माची. आपल्या उच्चजातीयांनी आर्यत्वाचा जो दाखला जपून ठेवला होता, तो त्या बाजारात वटला नाही.

शर्मिष्ठा हे नावही विचार करण्याजोगे आहे. महाभारतातील शर्मिष्ठा ही दानवराज वृषपर्व्याची कन्या. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिची दासी म्हणून ती ययातीच्या घरी आली. तिचाच धाकटा पुत्र पूरू याने पित्याचे वार्धक्य आपल्यावर घेतले आणि राज्य मिळविले. कौरव-पांडवांचा वंश त्या दानवकन्येच्या उदरातून चालला. ज्या परंपरेला आपली राजमाता असुरकुळातली असल्याचे सांगण्यात संकोच वाटला नाही, ती परंपरा रक्तशुद्धीच्या गप्पांहून पुष्कळच मोठी आहे.

परंतु हे उदाहरण सांगून स्वतःची पाठ थोपटून घेणे बरे नव्हे. राजाने मागितले म्हणून दार उघडले. सामान्य माणसाने जातीबाहेर विवाह केला तर त्याला शंकराचार्य भेटत नव्हते, दत्तक आईबाप मिळत नव्हते. त्याला मिळत होता तो बहिष्कार. हिंदूंमधील निरनिराळ्या जातींच्या विवाहांस देशभर निर्विवाद कायदेशीर मान्यता मिळण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

गोमंतकाचा अनुभवही हेच सांगतो. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या समाजात युरोपात जन्मलेले, येथे जन्मलेले आणि मिश्र रक्ताचे अशी रंग-रक्ताची उतरंड होती. ज्या गोवेकरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांचा देव बदलला, नाव बदलले, पोशाख बदलला. परंतु बामण, चारडो आणि सुदीर हे भेद चर्चच्या आवारातही टिकले, आणि सोयरीक जुळविताना पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले. गोऱ्या राज्यकर्त्यांची उतरंड आणि आपली उतरंड अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीने दुसरीला हलविले नाही, कारण त्यांचे पाये निराळे होते. धर्म पालटूनही जी जात नाही ती ‘जात’, असे कोणी म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

आणि पंढरपूर? आमचा विठोबा काळा आहे. राम श्याम, कृष्ण श्याम, महाभारताचा कर्ता कृष्णद्वैपायन व्यास काळा आणि द्रौपदीचे नावच कृष्णा. काळेपणाला इतका मान देणारी उपासना जगात क्वचितच असेल. तरीही त्याच सावळ्या देवाच्या दारात संत चोखामेळा बाहेर राहिले. त्यांची समाधी महाद्वाराशी आहे. ज्यांनी अडविले त्यांनी चोखोबांचा रंग पाहिला नव्हता, कारण रंगाच्या दृष्टीने देव आणि भक्त एकाच बाजूला होते. त्यांनी जन्म पाहिला. ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो दुहेरी आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जातिभेद हा रंगभेद नाही, असे म्हटल्याने जातिभेदाचा दोष हलका होत नाही. उलट तो अधिक जड होतो. रंग निदान डोळ्यांना दिसतो. जात दिसतही नाही, आणि तरीही ती शोधून काढून माणसाला दूर ठेवावे लागते. त्यासाठी आडनाव विचारावे लागते, गाव विचारावे लागते, कुलदैवत विचारावे लागते. न दिसणाऱ्या भेदासाठी इतके श्रम घेणे ही निसर्गाची आज्ञा नव्हे. ती रोज नव्याने केलेली निवड आहे.

दुसरी बाजू रंगाची. जात रंगाने ठरली नाही, तरी जातीच्या आत रंगाने दुःख पुष्कळ दिले. एकाच आईच्या दोन मुलींत उजळ मुलीचे स्थळ आधी जमते आणि सावळीला पाहून पाहुणे चहा घेऊन निघून जातात. विवाहविषयक जाहिरातींत पोटजातीच्या जोडीला ‘गोरी’ हे विशेषण बसले आहे. गर्भवतीने केशर-दूध घेतले तर मूल गोरे होते असे अजूनही ऐकू येते. अशा घरातील देव्हाऱ्यात शाळिग्राम असतो. रोज सकाळी त्या काळ्या दगडाला दुधाचे स्नान घातले जाते, तुळस वाहिली जाते आणि डोळे मिटून त्याचे ध्यान केले जाते. डोळे उघडल्यावर मात्र समोरच्या लेकीचा तोच रंग उणा वाटतो. या विसंगतीला शास्त्राचा आधार नाही. श्याम पुत्रासाठी व्रत सांगणारे उपनिषद आपले, आणि श्याम कन्येसाठी हळहळणारे घरही आपलेच.

देवस्थानांच्या व्यवस्थेशी आणि समाजाच्या संस्थांशी आपल्या वाचकांपैकी अनेकांचा संबंध आहे. पुष्कळ देवळांच्या आवारात वधूवर सूचक मंडळे चालतात, सभामंडपांत विवाह लागतात, पंक्ती बसतात. सुधारणा दूरच्या कायदेमंडळात व्हावी अशी वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या मंडळाच्या छापील अर्जात वर्णाचा म्हणजे कांतीचा जो रकाना असतो तो काढून टाकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. महाप्रसादाच्या पंक्तीत जात न विचारता पान मांडण्यास शास्त्रार्थ लागत नाही. जातीबाहेर विवाह केलेल्या मुलामुलीस सणाला घरी बोलावून देवापुढे नमस्कार करू देण्यास शंकराचार्यांची आवश्यकता नाही. जो स्वीकार बडवाह येथे एका परक्या मुलीला मिळाला, तो आपल्या शेजारच्या गावातल्या सुनेला मिळण्यास अडचण कोणती?

भरद्वाजाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भृगूंनी दिले, पण व्यवहाराने ते अद्याप दिलेले नाही. भूक आणि श्रम सर्वांना सारखेच, घाम आणि रक्त सर्वांचे सारखेच. मग भेद कशावरून? हा प्रश्न परकीयांनी आपल्याला घातलेला नाही. तो आपल्याच ग्रंथात, आपल्याच ऋषीच्या मुखी आहे. पोथीवर फूल वाहून तो मिटवता येणार नाही. पोथी उघडून, पान उलटून, त्याचे उत्तर आपल्या घरच्या उंबऱ्यावर द्यावे लागेल.